चारशे एकावं माप

वहीत चारशे बायका आहेत माझ्या.
छाती, कंबर, दंड, मुंढा,
आणि समासात बारीक खुणा:
नेजदार वहिनींचा उजवा खांदा उतरता,
चौगुले काकूंना मोठा गळा चालत नाही.
मंगळवार पेठेत बावीस वर्षं
टेप गळ्यात घालून बसलेय,
कुणाचा आकडा मोठ्यानं वाचला नाही.
शिकायला येणाऱ्या पोरींना पहिलं हेच सांगते.
दुसरं सांगते, शिलाईच्या आत माया सोडा गं,
बाई काय कायम एका मापाची राहते?

स्वतःला टेप कधी लावला नव्हता.
जुना ब्लाऊज समोर ठेवायचा,
अंदाजानं थोडं वाढवायचं, झालं.
भाचीच्या लग्नाचं कापड आलं तेव्हा
दुपारी शटर अर्धं ओढून
टेप कमरेभोवती फिरवला.
चव्वेचाळीस.
दुकानात मी एकटीच,
तरी तो आकडा पुटपुटलेसुद्धा नाही.

कुठून आलं हे, हिशेब मांडला.
आठ वाजता पोराबरोबर जेवते,
अकराला हे शिरोलीहून फाउंड्रीची पाळी करून येतात,
एकट्यांनी कसं जेवायचं म्हणून पुन्हा थोडं.
गिऱ्हाईक आलं की चहा. दिवसाला नऊ कप.
पोरानं टाकलेली अर्धी भाकरी, तळाशी राहिलेला भात.
अन्न टाकवत नाही माझ्याच्यानं,
म्हणून रोज ते
माझ्याच अंगावर टाकत गेले.

आधी मी कात्रीच घेतली हातात.
काकडी, लिंबूपाणी, काकडी.
दहा दिवसांत तीन गिऱ्हाइकांवर खेकसले,
एका नवरीची बाही उलटी जोडली.
अकराव्या रात्री स्वयंपाकघरात दिवा न लावता
उभ्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या, शेंगदाण्याच्या चटणीशी.
आणि मग आरशातल्या बाईला
जे जे बोलले,
ते चारशेपैकी एकीला तरी बोलले असते का?

चुकलेली शिवण अशी हिसकत नाहीत.
कापड जातं.
सुईच्या टोकानं, एकेक टाका.

पहिला टाका: जेवताना बसायचं. मशीनवर झाकण घालून.
मग चहातली साखर, अर्धा अर्धा चमचा करत.
ताटात आधी मेथी, मुळा, पातीचा कांदा,
मग मटकीची उसळ, दीड भाकरी. भाताला जागा उरली तर भात.
चौगुले काकू दिवस मावळायच्या आत जेवतात, धर्म म्हणून.
मी त्यांच्या घड्याळाला माझं घड्याळ लावलं, भूक म्हणून.
रात्री यांच्यासमोर आता नुसती बसते,
यांना तेवढंच पुरतं, हे बावीस वर्षं कळलंच नव्हतं.
बटणं आणायला पापाच्या तिकटीपर्यंत चालत जाते.
पोराची अर्धी भाकरी गल्लीतल्या शेळीला.
शेळी अंगानं भरलीय हल्ली,
तिचं माप घ्यायला कुणी सांगितलेलं नाही.

आषाढात त्र्यंबोलीची जत्रा आली.
सगळ्या गल्लीत मटण शिजत होतं.
दोन वाट्या पांढरा घेतला, एक तांबडा,
घाम येईपर्यंत, चवीनं, मांडी घालून.
तिसरी वाटी नको म्हटलं.
भ्यायले नव्हते, पोट भरलं होतं.
दुसऱ्या दिवशी ताटात पुन्हा मेथी,
जशी आदल्या दिवशी काही गुन्हा घडलाच नव्हता.

काल कापड कापायला घेतलं.
साडेबेचाळीस.
चाळीस होईल तेव्हाचं नाही कापलं,
आज आहे त्या अंगाचं कापलं.
वहीच्या नव्या पानावर नाव घातलं,
शालन टिपुगडे,
खाली मापं, इतरांची लिहिते तशी, न वाचता.
आणि समासात, बारीक अक्षरात:
माया जास्त ठेवणे.